काकू घरात आहेत का?

कॅनडातल्या एडमंटनमध्ये दीड वर्ष मी लोकांची दारं वाजवली. त्या काळात मी सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न देवाबद्दल नव्हता. तो होता, "घरात बाईमाणूस आहे का?"

पिंपरीत आत्याला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, "एवढं सातासमुद्रापार गेलीस ते हे विचारायला?"

आमचं घर मॉर्मन. मी शाळेत असताना वडिलांनी हा ख्रिस्ती पंथ धरला. नातेवाइकांनी वर्षभर तोंडं वाकडी केली आणि मग दिवाळीच्या फराळाला पूर्वीसारखे यायला लागले. आमच्यातली तरुण पोरं घर सोडून मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराला, जातात, मुली दीड वर्षासाठी. कुठे जायचं ते आपण ठरवायचं नसतं. बंगलोर मिळेल अशा आशेवर मी दोन सुती कुडते शिवून ठेवले होते. मिळालं एडमंटन.

तिथे गेल्यावर दोन नियम डोक्यात खिळ्यासारखे ठोकले गेले. पहिला, एकटीने कुठेही जायचं नाही. तुम्हाला एक जोडीदारीण मिळते आणि ती सतत नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात हवी. वॉशरूम सोडलं तर सुटका नाही. दुसरा, ज्या घरात फक्त पुरुष असेल त्या घरात पाऊल टाकायचं नाही. आत दुसरी एखादी बाई असेल तरच बसायचं, नाहीतर दारातूनच नमस्कार. नियम शहाणपणाचा आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण अनोळखी माणसाला दारात उभं राहून "बायको घरात आहे का?" असं विचारून पाहा. एका गृहस्थाने मला गंभीरपणे सांगितलं होतं, "बायको नाही, पण मांजर मादी आहे."

माझी जोडीदारीण पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरची होती. चांगली उंचपुरी, धिप्पाड, हसली की बसमधली माणसं वळून बघायची. सकाळी साडेसहाला उठून ती गाणं म्हणत उड्या मारायची आणि खालच्या मजल्यावरचा भाडेकरू काठीने छत ठोकायचा. मी मूळची फटकळ आणि सकाळी तर विचारूच नका, पण तिच्यावर चिडणं जमायचं नाही. तिची एक सवय होती. कुठल्याही घरात शिरताना ती आतल्या प्रत्येक माणसाला हाक मारून नमस्कार करायची, मग तो दिसो वा न दिसो. बेसमेंटमध्ये कुणी टीव्ही बघत असेल तर जिन्यातून वाकून ओरडायची. "आमच्या बेटावर घरात शिरताना कुणाला हाक मारायची राहिली, तर भांडण होतं," असं ती सांगायची.

आमचा दिवस ठरलेला. सकाळी वाचन, प्रार्थना, ओट्सची ती लापशी, मग अंगावर कपड्यांची पुटं चढवून बस आणि एलआरटीची ट्रेन, आणि मग दारं. सोमवारी सुट्टी, म्हणजे कपडे धुणं, ग्रोसरी आणि घरी फोन. थंडीत पापण्या एकमेकींना चिकटायच्या. पण थंडीची सवय झाली. सवय झाली नाही ती तिथल्या शांततेची. दुपारी चारला अंधारून यायचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं, प्रत्येक घरात दिवा आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. एखाद्या गॅरेजचं दार आपोआप उघडायचं, गाडी आत जायची, दार आपोआप खाली यायचं. माणूस दिसायचाच नाही. पिंपरीत वाढलेल्या मुलीला अशी गल्ली म्हणजे सगळे गाव सोडून गेले आणि आपल्याला सांगायचं राहिलं, असं वाटतं.

ज्यांना मी पुढे काका म्हणायला लागले, त्यांचं घर अशाच एका गल्लीच्या कोपऱ्यावर होतं. बर्फ पडून कितीतरी दिवस झाले होते, पण त्यांच्या गॅरेजपुढच्या ड्राइव्हवेवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. कुणाचा ड्राइव्हवे तुंबलेला दिसला की न विचारता साफ करून द्यायचा, हा आमचा शिरस्ता. मिशनरी म्हणून कुणी उभं करत नाही, पण फावडं हातात असलं की माणसं बोलतात. आम्ही शेजारच्या घरातून फावडी मागून आणली आणि लागलो. खालचा थर दगड झालेला. माझं फावडं त्यावर आपटून हाताला अशी झिणझिणी आली की तोंडातून निघून गेलं, "आई गं, मेले!"

दार उघडलं. सत्तरीपुढचे एक गृहस्थ, मफलर बांधलेला, स्वेटरचं बटण चुकीच्या काजात.

"मराठी?" ते म्हणाले.

"हो, पिंपरीची."

"आम्ही नागपूरचे. या नं आत. थंडीत काहून उभ्या राहिल्या?"

आत यायचं निमंत्रण आम्हाला आठवड्यातून एखादं मिळायचं, तेही अर्धवट. मराठीत तर पहिलंच. माझा पाय उचललाही गेला, पण नियम आठवला. मी विचारलं, "काका, काकू घरात आहेत का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, चिडले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की जणू फार दिवसांनी कुणीतरी साधी चौकशी केली.

"आहे नं," ते म्हणाले. "वर झोपून राहिली. पाय दुखतात तिचे."

आम्ही आत गेलो. जोडीदारणीने जिन्याकडे बघून हाक दिली, "हाय, आन्टी!" आणि बूट काढले. चटईवर बायकांचे छोटे काळे बूट होते, दाराकडे तोंड करून नीट मांडलेले.

त्यानंतर दर आठवड्याला आम्ही जायला लागलो. काका कॅनडात आले ते सत्तरच्या दशकात, इंजिनियर म्हणून, आणि रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "माझं धर्मांतर वगैरे काही होणार नाही बरं, आधीच सांगतो." मी म्हटलं, "चालेल, ड्राइव्हवे तर होऊ दे." आमच्यात चहा-कॉफी चालत नाही हे ऐकून त्यांना फार वाईट वाटलं. "चहा नाही? मग मराठी कशाच्या तुम्ही?" पण पुढच्या वेळेपासून ते आमच्यासाठी आलं-गूळ घालून दूध उकळून ठेवायचे. चार कप भरायचे. तीन टेबलावर, चौथा घेऊन जिना चढायचे. "तिला देऊन येतो." थोड्या वेळाने खाली यायचे ते रिकाम्या हाताने. आम्ही निघायच्या वेळी पुन्हा वर जाऊन कप आणायचे. तो रिकामा असायचा.

काकू कधी खाली आल्या नाहीत. एकदा न्हायला गेल्या होत्या, एकदा पूजेला बसल्या होत्या, बहुतेक वेळा झोपून राहिल्या होत्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझी आजीही पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायची. शिवाय त्या घरात आहेत हे कळायचंच. जमिनीतल्या गरम हवेच्या जाळीतून वरचा आवाज खाली यायचा. पाऊल ओढत कुणीतरी चालल्यासारखा. कधी बांगड्या किणकिणल्यासारखा. एकदा स्पष्ट खोकला. जोडीदारीण प्रत्येक वेळी मान वर करून म्हणायची, "गेट वेल सून, आन्टी!" काका खाली बघून हसायचे.

एका दुपारी चटईवरचे बूट ओले होते. बुटांखाली वितळलेल्या बर्फाचं थारोळं साचलं होतं. मी म्हटलं, "अरे वा, काकू बाहेर पडल्या वाटतं!" काकांनी वाकून त्या पाण्याला बोट लावलं. मग म्हणाले, "पक्ष्यांना दाणे टाकते ती." आणि पोतेरं आणायला गेले. परत आले ते पोतेरं न घेताच. तेव्हा मी त्याला वय म्हटलं.

मी त्यांना आमची शिकवण सांगायचे, कारण ते माझं कामच होतं. लग्नाची गाठ मरणाने सुटत नाही, असं आम्ही मानतो. गेलेली माणसं कुठे आकाशात वगैरे जात नाहीत, ती जवळच असतात, वाट बघत. हे मी कित्येक दारांत पाठ केल्यासारखं म्हटलं होतं. काकांनी मात्र कप खाली ठेवला.

"जवळ म्हणजे किती जवळ?"

"आमच्यात म्हणतात, अगदी इथेच."

"आणि दिसतात का?"

"ते काही मला सांगता येणार नाही, काका."

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि जाळीकडे बघत बसले. मला वाटलं, माझं बोलणं पोचलं. स्वतःवर फार खूश होऊन मी त्या दिवशी घरी गेले.

पुढच्या सोमवारी आम्ही देशी ग्रोसरीत होतो. मी पोहे आणि शेंगदाणे घेऊन रांगेत उभी होते. मागे एक बाई, आयटीवाली, पुण्याची. माझ्या छातीवरची नावाची पाटी वाचून तिने विचारलं, मराठी का, आणि मग आमच्या गप्पा सुरू झाल्या. जोडीदारीण दोन पावलांवर आंब्याच्या लोणच्याच्या बरण्या कौतुकाने हाताळत होती. मी कौतुकाने सांगितलं की आम्ही त्या कोपऱ्यावरच्या नागपूरच्या काकांकडे जातो. "काकूंची भेट तेवढी राहिलीय. पाय फार दुखतात ना त्यांचे?"

बाईचा हात ट्रॉलीवर थबकला.

"अगं, त्या गेल्या ना," ती म्हणाली. "स्नो पडायच्या आधीच. आम्ही सगळे फ्युनरलला होतो. काकांनी त्यानंतर कुणाला घरात घेतलं नाही. मी स्वतः डबा घेऊन गेले, दारातूनच परत पाठवलं. मुलगा तिकडे लांब नॉर्थ यॉर्कला असतो, तो इतका वरीड आहे, पण हे त्याचा फोन कट करतात. वजन किती लॉस झालंय बघितलंस ना? वी आर ऑल सो स्केअर्ड, एक दिवस काहीतरी ऐकायला मिळेल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला कसं काय आत घेतात?"

मला उत्तर माहीत होतं. बाकी सगळे डबा घेऊन, चेहरा पाडून, काकू गेल्या हे सांगायला जायचे. काकू घरात आहेत का, असं विचारणाऱ्या त्या अख्ख्या शहरात आम्ही दोघीच होतो. दर आठवड्याला मी त्यांना विचारत होते आणि दर आठवड्याला ते आहे म्हणत होते.

मी जोडीदारणीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नियमाप्रमाणे ते घर तिथेच संपलं असतं. आम्ही दारातूनच हात हलवून पुढे गेलो असतो, आणि त्या माणसासाठी उघडणारं शेवटचं दारही बंद झालं असतं. न सांगावं, तर एका गेलेल्या बाईला साक्षीला बसवून आम्ही परक्या घरात दूध पीत होतो. तीन दिवस मला हेच दिसत होतं. आणि खरं सांगते, मी भ्यालेही होते. काका खोटं बोलत होते हे एक वेळ समजता येतं. दुःखाने माणूस काहीही करतो. चौथा कप वर जाऊन तेच पीत असतील. लाकडी घर थंडीत आकसतं, कुरकुरतं, घर तापवणारी फर्नेस ठोकते, हेही ठीक. पण खोकला मी ऐकला होता. आणि ते बूट काकांच्या पायात जाण्यासारखे नव्हते.

गुरुवार आला. उणे तीस. श्वास तोंडातून निघायचा आणि मफलरवर पांढरा होऊन बसायचा. ड्राइव्हवेवर नवा बर्फ होता, त्यावर एकही खूण नव्हती. आम्ही तो साफ केला. मी मुद्दाम हळूहळू करत होते, जोडीदारीण तीन फावडी टाकायची तेव्हा माझं एक. शेवटी काही उरलंच नाही, तेव्हा मी बेल वाजवली.

काकांनी दार उघडलं. ते माझ्या प्रश्नाची वाट बघत होते. इतक्या आठवड्यांत तो आमचा नमस्कारच झाला होता. तो प्रश्न मला विचारवेना, आणि न विचारता उभंही राहवेना. शेवटी विचारलंच.

"काका... काकू घरात आहेत का?"

त्यांनी माझा चेहरा पाहिला.

"कळलं तुला," ते म्हणाले.

मी मान हलवली. रडायला आलं, पण त्या थंडीत रडणंही धड जमत नाही.

काकांनी दाराची चौकट धरली. "नाही, बाळ," ते म्हणाले. "ती नाही. ती मरून गेली." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आज पहिल्यांदा तोंडातून निघालं."

आमचं हे सगळं मराठीत चाललं होतं. जोडीदारीण माझ्या मागे पाय आपटून बुटांचा बर्फ झाडत होती. तिने मान वर केली, काकांच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"हाय, आन्टी!" ती ओरडली. तिने हात हलवला. "ओ, यू आर अप! गोइंग आउट?"

आणि आम्हा दोघांच्या मधून वाट काढत ती आत गेली.

काका हलले नाहीत. त्यांची पाठ जिन्याकडे होती आणि त्यांना मागे वळवत नव्हतं. त्यांनी माझं मनगट धरलं. हातमोज्यातूनही ती पकड मला कळली.

"तुला दिसते का गं?" ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "मी रोज वर जाऊन बसतो. कप रिकामा होतो. आवाज येतो. पण मला एकदाही नाही दिसली."

मी जिन्याकडे पाहिलं. मला जिना दिसला. कठड्यावर टाकलेली एक निळी शाल आणि वरच्या खोलीतला उजेड. बाकी काही नाही. आम्हाला खोटं बोलायची परवानगी नाही, आणि त्या घरात जायचीही परवानगी नव्हती. पण जोडीदारीण आत गेली होती, ती माझ्या नजरेआड होत होती, आणि पहिला नियम तो होता. माझ्यासमोर एक म्हातारा माणूस उणे तीसमध्ये नुसत्या स्वेटरवर उभा होता. त्याचं बटण आजही चुकीच्या काजात होतं.

"आहेत, काका," मी म्हणाले. "काकू आहेत. चला आत."

त्यांनी मनगट सोडलं. मी आत येऊन दार लावलं आणि बूट काढायला वाकले. चटईवर जागा होती. काळे बूट तिथे नव्हते.

काकांनी नेहमीसारखं दूध उकळलं, नेहमीसारखे चार कप भरले. चौथा कप हातात घेऊन ते जिन्यापर्यंत गेले, थांबले आणि परत आले. कप टेबलावर आमच्या कपांशेजारी ठेवला. जोडीदारणीला काय कळलं होतं कोण जाणे, पण तिने आपला मोठा हात काकांच्या पाठीवर ठेवला आणि तसाच राहू दिला. जाळीतून फक्त गरम हवा येत होती. मी कान देऊन ऐकत होते. वरती पाऊल नाही, बांगडी नाही.

आमचे कप संपले. चौथ्यातल्या दुधावर साय धरली. काका त्या सायीकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मग त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला.

"मुलाला लावून दे, बाळ," ते म्हणाले. "त्याला सांगायचं आहे, की आई घरात नाही."